साप कात नीट टाकत नाहीये: अंघोळ घालायची की ओला डबा ठेवायचा?

आम्ही इंग्लंडात राहतो, घरी एक रॉयल पायथन (पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर) आहे, आणि हिवाळ्यात रेडिएटर सुरू झाले की घरातली हवा इतकी कोरडी पडते की अख्खी कात एका तुकड्यात निघणं मुश्किल. मग मानेवर चिकटलेले पापुद्रे, शेपटीच्या टोकाला आवळून बसलेलं कडं. ज्यांच्याकडे हीच कटकट चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय, मी दोन्ही उपाय करून बघितलेत. (भारतातून वाचणाऱ्यांना एवढंच, आपले धामण-अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, ते घरी ठेवायचे नसतात, हे सगळं परवानगी असलेल्या परदेशी सापांबद्दल आहे.)

आधी अंघोळ. कोमट पाणी, २८ ते ३० अंश, सापाच्या अर्ध्या जाडीपर्यंत, वीसेक मिनिटं, आणि पूर्ण वेळ आपण समोर. कात आधीच अडकून वाळलीये आणि आजच सुटायला हवी, तर हाच मार्ग, याबद्दल वाद नाही. नंतर ओल्या टर्किश टॉवेलातून त्याला सरकू द्यायचं, तो स्वतःच घासून घेतो, आपण ओढायचं नाही.

पण मला जे खटकलं ते असं, की रॉयल पायथन घाबरला की गोळा होतो, डोकं मधोमध लपवून घट्ट, आणि टबात सोडलं तरी तो तेच करतो. म्हणजे बाहेरची वेटोळी भिजतात आणि जिथे कात अडकलीये ती मान नेमकी आतल्या घडीत, जेमतेम ओली. गोळा सुटतो तोही भिजायला नाही, काठावर चढून पळायला सुटतो, तुम्ही परत आत ठेवता, तो परत चढतो, आणि तोवर जानेवारीतल्या बाथरूममध्ये पाणी गार झालेलं असतं. त्यात कात पडायच्या आधी डोळे दुधाळ निळे असतानाच आपल्याला घाई होते, आणि तेव्हा त्याला धड दिसत नसतं, जुन्या-नव्या कातडीत द्रव साठलेला असतो, त्या दिवसांत उचलणं आणि चोळणं दोन्ही नकोच. आमचा तर त्यानंतर खाणंही पुढे ढकलायचा. सगळेच साप असं करतात असं म्हणणार नाही, काही मजेत पडून राहतात म्हणे.

ओल्या डब्याचं तसं नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तो वेटोळं करून जेमतेम मावेल एवढा, भोक पाडून कड घासून गुळगुळीत केलेली, आत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भिजवून पिळलेलं, मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. उबेच्या बाजूला ठेवायचा. डोळे दुधाळ व्हायला लागले की ठेवा, कात पडली की काढा. तो आपणहून जातो आणि पाहिजे तितका वेळ राहतो, हातच लावावा लागत नाही. घाना, टोगो, बेनिनकडे हे साप उंदरांच्या बिळांत नि वाळवीच्या वारुळांत दडतात, तिथे वरच्यापेक्षा ओल जास्त असते, त्यामुळे डबा त्याला परका वाटत नसावा.

त्रास इथेही आहे. मॉसला बुरशी लागते, बदलत राहावं लागतं, आणि कायम ओल्यावर बसला तर पोटाचे खवले खराब होतात, म्हणून बाराही महिने ठेवू नका. आत जातच नसेल तर उबेकडची दुसरी लपायची जागा तेवढे दिवस काढून घ्या. आणि व्हिवेरियममधली (सापाच्या पेटीतली) आर्द्रताच चाळिशीत असेल तर एकटा डबा किती पुरणार, कात यायच्या दिवसांत साठ-सत्तर टक्के धरा. तरीही दरवेळी अडकत असेल तर खवल्यांत माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत का ते बघा.

माझं मत विचाराल तर डबा नेहमीचा, अंघोळ फक्त अडकलेल्या शेपटीसाठी, कारण ते कडं राहिलं तर रक्तपुरवठा तुटून टोक गळू शकतं. प्रत्येक वेळी पडलेली कात ओली असतानाच टेबलावर पसरून डोक्याकडचा भाग उजेडात धरा, डोळ्यांच्या दोन गोल काचा, म्हणजे डोळ्यांवरचे पारदर्शक खवले, दिसल्या पाहिजेत. एखादी नसेल तर चिमट्याने काढायला जाऊ नका, पुढच्या खेपेला डबा जरा आधीच ठेवा, बहुतेक वेळा दोन्ही थर एकदम निघतात, आणि तेव्हाही नाही निघाली तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.