अवघड इंग्लिश शब्द शिकताना मराठी अर्थ पाठ करायचे की इंग्लिश डेफिनिशन वाचायची?

मिटिगेट, अलिव्हिएट, अबेट हे तीन शब्द इंग्लिश-मराठी डिक्शनरीत बघा, फिरून फिरून 'कमी करणे', 'सौम्य करणे', 'कमी होणे' असंच काहीतरी हाती लागतं आणि मग माणूस बिनधास्त 'मी वजन मिटिगेट केलं' असं लिहून मोकळा होतो. मिटिगेट होतो धोका किंवा नुकसान, अलिव्हिएट होतं दुखणं, त्रास, गरिबी, आणि अबेट बहुतेक वेळा आपलं आपणच होतं, वादळ ओसरतं ना तसं. अॅडव्हान्स शब्दांची सगळी गंमत या फरकातच आहे आणि तो मराठीतल्या एका शब्दात मावत नाही, म्हणून माझं मत सरळ इंग्लिश-इंग्लिशला.

पण त्यातही लर्नर्स डिक्शनरीच घ्या, म्हणजे इंग्लिश शिकणाऱ्यांसाठी बनवलेली. ज्यांची मातृभाषाच इंग्लिश आहे त्यांच्यासाठीच्या जाड डिक्शनरीत एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात दिलेला असतो, तो बघायला जावं तर तिसराच निघतो. लाँगमनने १९७८ च्या आपल्या लर्नर्स डिक्शनरीत साधारण २००० सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या बसवल्या, त्यामुळे अडायला होत नाही. कॉलिन्स कोबिल्ड १९८७ ची, तिच्यात व्याख्या पूर्ण वाक्यात असते, म्हणजे कोण, काय, कशाच्या बाबतीत करतं ते अर्थाबरोबरच कळून जातं. वाचायला वेळ जातो जरा, पण क्रियापदं आणि विशेषणं यांच्यासाठी मी कोबिल्डच सांगेन. पटकन अर्थ बघून पुढे जायचं असेल तर लाँगमन.

मराठी अर्थ टाकाऊ नाहीत हां. ऑटरची इंग्लिश व्याख्या वाचून केसाळ, पोहणारा, मासे खाणारा कुठलातरी प्राणी एवढंच डोळ्यापुढे येतं, 'पाणमांजर' म्हटलं की विषय संपला. प्राणी, झाडं, आजार, अवजारं सगळ्यांना हेच लागू. चाइल्डिश म्हणजे पोरकट आणि चाइल्डलाइक म्हणजे निरागस, इथे तर मराठीने एका फटक्यात काम केलंय. आणि साधी इंग्लिश बातमी वाचतानाच दर ओळीला अडत असाल तर अजून काही महिने मराठी अर्थच बरे, उगाच घाई नको.

फ्लॅशकार्ड, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर असलेली कार्डं, दोन्हीकडे चालतात, फक्त कार्डावर नुसती व्याख्या उतरवू नका, वाक्य लिहा आणि तो शब्द गाळा, म्हणजे रिकाम्या जागी मिटिगेट की अलिव्हिएट हे दर वेळी तुम्हालाच ठरवावं लागेल.