ससा आणि गिनी पिग: एक पिंजरा की दोन?

घरात ससा आहे, मुलांना आता गिनी पिगही हवाय, आणि पडवीत जागा एकाच पिंजऱ्यापुरती. दोघेही चारा खाणारे, दोघेही गरीब, मग वेगळं घर कशाला, असा विचार कुणाच्याही मनात येतो. दोन्ही पद्धतींनी पाळून झाल्यावर माझा कल दोन पिंजऱ्यांकडे आहे. एकत्र ठेवून नीट सांभाळणारी घरंही आहेत, त्यामुळे ते चूकच असं म्हणवत नाही.

एका पिंजऱ्याचे फायदे खरे आहेत. साफसफाई एकदाच. मुंगूस, मांजर आणि उंदरांच्या मागावर येणारी धामण यांच्यासाठी अर्ध्या इंचाची जाळी एकाच ठिकाणी ठोकावी लागते. सोबतीचा फायदा मात्र दिसतो तेवढा नसतो. गिनी पिग घाबरला की पुष्कळदा जागच्या जागी थिजतो. सशाशेजारी निमूट बसलेला दिसला की आपल्याला वाटतं, जमलं यांचं. ससा डोकं खाली घालून पुढे करतो तेव्हा तो चाटून घ्यायला मागत असतो. गिनी पिगला ती खूण कळत नाही, आणि मग ससा चावतो. नर सशाची नसबंदी झालेली नसेल तर अंगावर चढणंही चालूच राहतं.

वजनाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे मिळणारे बरेच ससे न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला अशा मोठ्या वाणाचे, पूर्ण वाढ झाल्यावर ४ किलोच्या आसपास भरणारे. गिनी पिग जेमतेम १ किलोचा. जूनच्या पहिल्या गडगडाटाला किंवा गणपतीतल्या फटाक्यांना ससा दचकून मागचे पाय झाडतो. त्यात राग नसतो, पण लाथ पोटात बसली तर आतली इजा बाहेरून दिसत नाही.

एवढं सगळं जागा वाढवून बऱ्यापैकी आटोक्यात येईल. माझा निर्णय झाला तो खाण्यावरून.

सशाचं शरीर सी जीवनसत्त्व स्वतः तयार करतं, गिनी पिगचं करत नाही. त्याला रोज वजनाच्या किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम बाहेरून द्यावं लागतं, गाभण मादीला जास्तच. म्हणजे ढोबळी मिरचीचा २५ ग्रॅमचा तुकडा किंवा पेरूची एक पातळ फोड. प्रमाण एवढंसं, पण ते त्याच्याच पोटात गेलं पाहिजे, आणि नेमकं तेच एका पिंजऱ्यात होत नाही. ससा भराभर खातो, वाडग्यापुढे आडवा बसतो, गिनी पिगच्या तोंडातली मिरचीसुद्धा ओढून नेतो. दुप्पट टाकली तर दुप्पट ससाच खातो आणि त्याची लेंडी पातळ होते. मग रोज एकाला बाहेर काढायचं, दुसऱ्याचं संपेपर्यंत तिथेच बसायचं. लावणी लागली किंवा घरात कार्य निघालं की सगळ्यात आधी हीच पाळी चुकते. दोन-तीन आठवडे कमी पडलं की गिनी पिगचे केस पिंजारतात, सांधे सुजतात, तो चालायला नको म्हणतो, हिरड्यांतून रक्त येतं. एरवी तो पेंढ्यात दडूनच बसत असल्यामुळे हे उशिरा लक्षात येतं.

पाण्यात थेंब घालून भागेल असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. पाण्यातलं सी उजेडाने आणि हवेने लवकर नष्ट होतं, आणि चव बदलली की तो पाणीच कमी पितो. सशाच्या गोळीखाद्यात सी सहसा घातलेलं नसतं. गिनी पिगच्या खाद्यात असतं, पण बनवल्यापासून साधारण तीन महिन्यांत बरंच उतरतं, आपल्या दमट हवेत उघड्या पिशवीत त्याहून लवकर. लहान पाकीट घ्या, तारीख बघा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ढोबळी मिरची घाटावरून येते. दरड कोसळून घाट बंद झाला तर परसातला पेरू आहेच, हिवाळ्यात आवळ्याची चकती.

आजाराचंही सांगायला हवं. बोर्डेटेला नावाचा जिवाणू सशाच्या नाकाघशात काही त्रास न देता राहू शकतो. गिनी पिगला मात्र त्यानेच न्यूमोनिया होतो. जनावरांचे डॉक्टर आपल्याकडे जास्त करून गाईगुरांचे. त्यांना आधीच सांगा की ॲमॉक्सिसिलीन किंवा पेनिसिलीन गटातलं औषध तोंडावाटे नको, ते दोघांच्याही आतड्याला घातक ठरतं.

पावसाळ्यात तळाचा प्रश्न येतो. सशाचे तयार पिंजरे जाळीच्या तळाचे असतात. त्यावर गिनी पिगच्या पावलांना जखमा होतात, पाय अडकून मोडू शकतो. तळ फळीचा केला तर ससा एका कोपऱ्यात मुततो आणि गिनी पिग त्याच ओल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. हवा सर्द असताना पेंढा सुकत नाही, अंगावर बुरशीचे चट्टे उठतात, ओल्या बुडावर माशा अंडी घालतात. गोणपाटावर पेंढा घालून तो रोज बदलायचा, काळे ठिपके आलेला पेंढा अजिबात वापरायचा नाही.

लहानपणापासून सोबत असलेली जोडी तोडवत नसेल तर सशाची नसबंदी करून घ्या, तळ भरीव ठेवा, आणि मोठा ससा शिरणार नाही अशा १० सेंटिमीटर तोंडाची लाकडी पेटी आत ठेवून मिरची त्या पेटीतच द्या. छोट्या जातीच्या सशापुढे ही युक्ती चालत नाही, तो आत घुसतो.

दोन पिंजरे करणार असाल तर ते एकमेकांना चिकटवू नका. पडवीची दोन टोकं, मध्ये चिऱ्याची भिंत असेल तर उत्तम. वर कौलं हवीत. पत्र्याखाली मे महिन्यात दोघेही टिकणार नाहीत. वाडगे आणि झाडू वेगळे, आधी गिनी पिगचं काम, मग सशाचं. एकट्या गिनी पिगला सोबत गिनी पिगचीच द्या, आणि घेताना दोन्ही माद्या आहेत हे पोट वर करून तपासून घ्या. चुकून नर आला तर सव्वादोन महिन्यांत पिल्लं होतील, आणि मादीने सहा-सात महिन्यांपर्यंत एकदाही पिल्लं दिलेली नसतील तर तिच्या ओटीपोटाची हाडं ताणली न जाता बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं.