मेरी रसेल की किन्सी मिलहोन? रहस्यमालिका निवडताना
स्त्री निवेदक असलेली दीर्घ रहस्यमालिका निवडताना आधी एक गोष्ट ठरवावी लागते: प्रत्येक पुस्तकात नवा मुलूख हवा आहे, की ओळखीच्या गावात पुन्हा पुन्हा जाण्याची ओढ अधिक आहे. लॉरी आर. किंग यांची मेरी रसेल मालिका पहिल्या प्रकारची, तर स्यू ग्राफ्टन यांची किन्सी मिलहोन मालिका दुसऱ्या प्रकारची आहे.

'द बीकीपर्स अप्रेंटिस' (१९९४) या पहिल्या कादंबरीत पंधरा वर्षांची मेरी १९१५ साली ससेक्सच्या माळावर पुस्तकात डोके खुपसून चालत असते आणि मधमाश्यांचे निरीक्षण करत बसलेल्या निवृत्त शेरलॉक होम्सच्या अंगावर तिचा पाय पडता पडता राहतो. पुढे ही मालिका डार्टमूर, पॅलेस्टाईन, भारत, सॅन फ्रान्सिस्को, जपान अशी फिरते. पॅलेस्टाईनमध्ये तर मेरी अरब मुलाच्या वेशात वावरते. तिथे चालण्याबोलण्यातली चूकही जिवावर बेतू शकत असल्यामुळे स्थळवर्णन तपासापासून वेगळे उरत नाही, आणि हेच मला या मालिकेचे खरे बळ वाटते. मात्र प्रवासाची पाने काही पुस्तकांत इतकी वाढतात की, गुन्ह्याकडे लवकर वळू पाहणाऱ्या वाचकाचा धीर सुटावा.

किन्सी ही कॅलिफोर्नियातल्या सांता टेरेसा या काल्पनिक शहरातली खासगी गुप्तहेर. ती निवृत्त बेकरीवाल्या घरमालकाच्या गॅरेजचे घर करून राहते आणि तपासाच्या नोंदी कार्डांवर लिहून ती कार्डे पुन्हा पुन्हा मांडून पाहते. कामासाठी ती मधूनमधून परगावी जाते खरी, पण वाचकाला ओढ लागते ती तिच्या परतण्याची. पंचवीस पुस्तके १९८२ ते २०१७ या काळात आली, तरी कथेतला काळ १९८९ च्या पुढे सरकत नाही. त्यामुळे मोबाईल नाही, सरकारी दप्तरे चाळणे आणि दारोदार चौकशी करणे हाच तपास. पुस्तकांची शीर्षके 'ए' पासून इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आहेत, पण ग्राफ्टन यांच्या निधनामुळे झेड हे अक्षर राहूनच गेले.

दरवेळी निवेदकही नवा हवा असेल, तर टाना फ्रेंच यांची डब्लिनमधली मालिका आहे. पण तिच्या सहापैकी 'द लाईकनेस' आणि 'द ट्रेसपासर' या दोनच कादंबऱ्यांत निवेदक स्त्री आहे.

वेगवेगळी स्थळे हाच निकष असेल, तर मी मेरीच सुचवेन. किन्सीचे कोणतेही पुस्तक मधूनच उचलले तरी फारसे अडत नाही. मेरीची पुस्तके मात्र प्रकाशनाच्या क्रमाने वाचावीत. 'ओ जेरुसलेम' (१९९९) मधल्या घटना पहिल्या कादंबरीच्या काळातल्या असल्या, तरी ते पुस्तक त्याच्या जागी, म्हणजे पाचवेच घ्यावे.