'डिस्को दीवाने'ची जुनी रेकॉर्ड, ६०० रुपये

जुन्या बाजारातून नाझिया-झोहेब हसन या पाकिस्तानी पॉपगायक बहीण-भावाची १९८१ची 'डिस्को दीवाने' उचलली. दुकानदार हजारावर अडून बसला होता. कव्हराचा ओलीने फुगलेला कोपरा दाखवल्यावर ६००ला आला. 'एकदम कडक कंडिशन आहे साहेब,' म्हणे. घरी 'आओ ना'ला सुई तीनदा अडकली! पण 'डिस्को दीवाने' सुरू झालं आणि पैसे वसूल. संगीतकार बिद्दूचा तो ठेका, त्यावर नाझियाचा किंचित नाकातला, शाळकरी आवाज. 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं १९८० साली, तेव्हा पोरगी जेमतेम १५ची. आमची कॅसेट ताईने इतकी घासली होती की फीत पेन्सिलीने गुंडाळत बसावं लागायचं. झोहेबची गाणी मात्र तेव्हाही पुढे ढकलायचो, आताही सुई उचलतो.