आर्श ३०० जीएसएम कोल्ड प्रेस: जलरंगाला वेळ देणारा कागद

जलरंगात पैसे कुठे घालावेत, असं कुणी विचारलं तर आधी कागदात. रंग विद्यार्थी दर्जाचे चालतात, गोल ब्रश एकच असला तरी काम भागतं. पण कागद लाकडाच्या लगद्याचा असेल तर आपला हात कसा चालतो हेच कळत नाही, आणि कागदाचा दोष माणूस वर्षानुवर्षं स्वतःच्या माथी घेतो. फ्रान्समधल्या आर्श कंपनीचा हा कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरबरीत पोताचा कागद शंभर टक्के सुती आहे, सिलिंडर मोल्डवर, म्हणजे फिरत्या जाळीदार नळकांड्यावर बनतो आणि त्याला आतून-बाहेरून जिलेटिनचं सायझिंग, म्हणजे पाणी शोषणं रोखणारी खळ असते.

या सायझिंगमध्येच सगळी मेख आहे. ते पाणी एकदम आत मुरू देत नाही, त्यामुळे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर, बराच वेळ ओला राहतो. स्वस्त कागदावर आकाश रंगवत क्षितिजापर्यंत यावं, तोवर वरचा भाग सुकायला लागलेला असतो. तिथे पुन्हा ओला ब्रश टेकवला की ‘फुलकोबी’, म्हणजे कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. आर्शवर पाव शीटचं, म्हणजे २८ × ३८ सेंमीचं आकाश पंखा बंद ठेवून निवांत करता येतं. मे महिन्यात नागपुरात करायचं असेल तर मात्र कागद मागूनही ओला करून घ्या.

ओल चकाकीवरून ओळखायची. कागद लखलखत असताना टाकलेला रंग वाट फुटेल तिकडे पळतो. चकाकी मंद झाली की दाट रंग घ्या, दूरच्या झाडीची मऊ कड तेव्हाच मिळते. चकाकी गेली, पण बोटांची मागची बाजू कागदाला लावल्यावर गार लागतंय, अशा वेळी हात आवरायचा. पाणीदार ब्रश याच क्षणी घात करतो: नवं पाणी अर्धवट सुकलेल्या भागात पसरतं, तिथले रंगकण पुढे ढकलतं आणि त्यांची कड धरते.

चित्रकाराचा स्वभाव उतरतो तो याच काही मिनिटांत. कुणी ओल आहे तोवर सगळं बोलून मोकळा होतो, कुणी वाळवून थरावर थर चढवतो. आर्श दोघांनाही साथ देतो, थर चढवणाऱ्याला जरा जास्तच. कारण खालचा वॉश पूर्ण वाळला की वरून हलक्या हाताने फिरवलेल्या ब्रशने तो सहसा सुटत नाही. वाळलेला रंग ओल्या ब्रशने उचलून दुरुस्ती करणाऱ्यांना मात्र हा कागद हट्टी वाटेल. कोबाल्ट ब्लू बऱ्यापैकी निघतो, थॅलो ब्लूचा डाग राहतोच. म्हणून उजेडाच्या जागा पहिल्यापासून सोडायच्या. चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रातला दिव्याचा प्रकाश म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात पाहिला की पारदर्शक रंगाखालून कागद किती काम करतो ते दिसतं. मास्किंग फ्लुइड, म्हणजे पांढऱ्या जागा झाकणारा आणि नंतर सोलून काढायचा रबरी द्रव, वापरायचं असेल तर आर्शचा पृष्ठभाग ते सोसतो, फक्त कागद पूर्ण वाळल्याशिवाय ते ओढू नका.

३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) असा जाड असला तरी पूर्ण भिजल्यावर हा कागद फुगतो, आणि खळग्यांत पाणी साचून वॉश बिघडतो. ताणून घेणं उत्तम. थंड पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवा. गरम पाणी नको, जिलेटिन सुटतं. पाणी निथळून जाड प्लायवूडवर पसरा, चारी कडांना ५ सेंमी रुंदीची गम टेप (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) लावा आणि बोर्ड आडवा ठेवून रात्रभर वाळू द्या. उभा ठेवला तर पाणी खाली उतरतं, टेप सुटते. स्पंजने जोरात पुसू नका, वरचं सायझिंग जातं.

ब्लॉक, म्हणजे कडा चिकटवलेल्या कागदांचा गठ्ठा, घेतला तर हा खटाटोप वाचतो, पण मधोमध फुगवटा येतोच, शिवाय चित्र सुकेपर्यंत खालचा कागद अडकून पडतो. घरी काम करणाऱ्याने ५६ × ७६ सेंमीची पूर्ण शीट घेऊन चार तुकडे करावेत, परवडतंही तेच. पट्टी धरून घडी दोन्ही बाजूंना दाबायची आणि सावकाश फाडायचं. तुकड्यांच्या दोन्ही बाजू वापरता येतात, पोत किंचित वेगळा लागतो.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या मंडळींनी पावसाळ्यात खास जपावं. दमट हवेत सायझिंग खराब होतं आणि वॉश टाकल्यावर मध्येच गडद ठिपके उठतात, कारण तेवढ्या जागी कागद टिपकागदासारखा रंग पितो. कोरडा असताना हे डोळ्यांना दिसत नाही. कोपऱ्यात पाण्याचा पातळ पट्टा मारून पाहा. ठिपके दिसले तर तो कागद पेस्टलला ठेवा. शीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून आडव्या ठेवायच्या. हाताळताना कडेला धरायचं, बोटांचं तेल लागलेल्या जागी रंग नीट बसत नाही.

खिशातल्या वहीतल्या रेघ-आणि-वॉश स्केचसाठी हा खर्च करू नका, तिथे साधा कागद पुरतो. भिजल्यावर येणारा वास जिलेटिनचा असतो, घाबरू नका. जिलेटिन प्राणिज असतं, त्यामुळे ज्यांना ते चालत नाही त्यांनी इटलीचा फॅब्रियानो आर्टिस्टिको पाहावा. तोही शंभर टक्के सुती आहे आणि त्याच्या सायझिंगमध्ये प्राणिज घटक नसतात.