नऊ खुंट्यांची लाकडी पाटी: तीन महिने वापरून सांगते

शहापुरात माझं घरीच ब्लाऊज शिवायचं काम आहे. आषाढात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला, उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं तर सुईत दोरा ओवता येईना. भावाचा मुलगा फिजिओथेरपी शिकतो, त्यानं ही पाटी ऑनलाइन मागवायला लावली. ४८० रुपये. नऊ भोकं, नऊ खुंट्या, एका टोकाला वाटी. एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, सगळ्या बसल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची, आणि मोबाईलवर सेकंद मोजायचे.

पहिल्या दिवशी उजव्याला ५२ सेकंद लागले ते समजण्यासारखं. पण धडधाकट डाव्याला ३१? भाचा म्हणाला, "आत्या, वाटी डावीकडं घे की!" वाटी उजवीकडं असल्यानं डावा हात दर वेळी पाटी ओलांडून जात होता. पाटी फिरवली आणि डावा थेट २४ वर आला. ज्या हाताची पाळी त्याच बाजूला वाटी, एवढं एक वाक्य सोबतच्या कागदावर छापायला हवं होतं. त्यात डाव्या हाताचा उल्लेखच नाही, याचा मला राग आहे. लकवा होऊन गेलेलं माणूस असली पाटी घेतं. चुकीचा आकडा बघून ते खचून जाईल.

आता उजवा २०, डावा २३. हे तीन सेकंद कुठं जातात ते मी रोज बघते. भोकाजवळ डावाही तितक्याच झपाट्यानं पोचतो. पण खुंटी काठाला टेकते, घसरते, पुन्हा उचलावी लागते. उजवा जाता जाताच नेम सुधारून घेतो. सावकाश केलं तर दोघांत फारसा फरक दिसत नाही; घाई केली की डावा चुकतो. वुडवर्थ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये लोकांना रेघा मारायला लावून हेच पाहिलं होतं, असं भाच्यानं सांगितलं: वेग वाढवला की डाव्या हाताच्या चुका उजव्यापेक्षा जास्त वाढतात.

डाव्याचं कसब मात्र वेगळं आहे. तीस वर्षं कापड मी डाव्या चिमटीतच ताणून धरत आले. दुखण्यात एकदा सुई डाव्यात नि कापड उजव्यात घेऊन पाहिलं, तर टाका वाकडा पडला तो पडलाच, कापडही हलत राहिलं.

पाटी फरशीवर सरकते, खाली ओलं फडकं घालावं लागतं. एक भोक घट्ट होतं. भोक जितकं नेमकं तितका वेळ जास्त लागतो, म्हणजे त्या एकानं सगळा हिशेब बिघडतो. पॉलिश पेपरनं घासून घेतलं. लाकूड चांगलं आहे, खुंट्या बोटाला टोचत नाहीत.

परवा खडेबाजारच्या एका गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजला सहा हुक लावले, एकही उसवावा लागला नाही.