सेल इन्जुरीच्या, म्हणजे इजा झालेल्या पेशींच्या, २५ स्लाइड्सचा बॉक्स मागवला, वापरून काय वाटलं ते

सेकंड एमबीबीएसला आहे मी. स्पॉटिंगमध्ये, म्हणजे मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघून ओळखायच्या परीक्षेत, दोनदा माती खाल्ली (एकदा तर फॅटी लिव्हर बघून बिनधास्त लंग लिहून आले, हसू नका) आणि मग रूममेट म्हणाली अगं आपण स्वतःच्याच स्लाइड्स घेऊ ना, म्हणून दोघींनी वर्गणी काढून हा बॉक्स ऑनलाइन मागवला. २५ स्लाइड्स, २४०० रुपये. सेलरचं नाव लिहीत नाही, कारण अर्धा रिव्ह्यू तक्रारीचा आहे.

पॅकिंग बरं होतं, तरी एक कव्हरस्लिप तडकलेलीच आली. मेल टाकलाय, तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

आधी चांगलं सांगते. हार्टची जोडी मस्त आहे, म्हणजे एक नॉर्मल लेफ्ट व्हेंट्रिकल आणि एक बीपीवाल्या पेशंटचं. दोन्ही आलटूनपालटून ४० एक्सवर लावा, वेगळं काही वाचायची गरज नाही. हार्टच्या मसलची सेल जवळपास डिव्हाइड होतच नाही, त्यामुळे लोड वाढला की माणसं वाढवायची सोय नाही, आहे तीच सेल जाडजूड होते (हीच हायपरट्रॉफी), आतली प्रोटीन्स वाढतात, न्यूक्लियस मालगाडीच्या डब्यासारखं चौकोनी आणि गडद होतं. नॉर्मल हार्ट साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचं, असं वाढलेलं ५०० च्या पुढे जातं. वाढलं म्हणजे ताकद आली असं वाटतं पण रक्तपुरवठा त्या मानाने वाढत नाही, आणि बीपी तसंच राहिलं की हेच हार्ट पुढे थकतं.

याच्या शेजारी प्रोस्टेटची स्लाइड आहे आणि तिच्यावर लेबल चक्क 'हायपरट्रॉफी'!! तिथे सेल्सची साइज नाही, संख्या वाढलेली असते, ती हायपरप्लाझिया. वॉर्डात बोलताना सगळे हायपरट्रॉफीच म्हणतात ते सोडा, पण शिकायच्या बॉक्सवर? व्हायवात (तोंडी परीक्षेत) हेच बोललात तर गेलात.

आता ११ नंबर. ब्रॉन्कस, म्हणजे फुप्फुसात जाणारी श्वासनळी, स्मोकरची. या एका स्लाइडसाठी मी अर्धे पैसे द्यायला तयार आहे. एकाच फील्डमध्ये डावीकडे नीट उभ्या सेल्स, वर सिलिया (केसांसारखे बारीक तंतू), मध्येमध्ये म्युकसच्या गॉब्लेट सेल्स, आणि उजवीकडे सरकत गेलं की सिलिया गायब आणि चपट्या सेल्सचे थरावर थर, कातडीसारखे. स्क्वॅमस मेटाप्लाझिया, म्हणजे एका जातीच्या सेल्सच्या जागी दुसऱ्या, चपट्या जातीच्या येणं. धूर रोज येतोय म्हटल्यावर नाजूक सेल्स टिकत नाहीत, मग खालच्या स्टेम सेल्स टणक जातीच्या सेल्स बनवायला लागतात, आणि त्या टिकतातही, फक्त कचरा वर ढकलणारा झाडूच गेला ना. माझे आजोबा बिड्या ओढायचे, सकाळी उठल्यावर अर्धा तास तो खोकला चालायचा, आम्ही लहानपणी त्याची नक्कल करायचो. ही स्लाइड बघताना ते आठवलं आणि जरा वेळ आयपीसवरून डोळा काढला मी. बिडी सुटली तर हा बदल उलटू शकतो, चालूच राहिली तर त्याच जागी पुढे कॅन्सरचा धोका, हे पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, पण बॉर्डर डोळ्याने दिसल्यावर वेगळंच.

अ‍ॅट्रॉफी (सेल्स आक्रसून अवयव बारीक होणं) ठीकठाक. प्लास्टर काढल्यावर हात काटकुळा दिसतो तेच, बघितलं आणि पुढे गेलो.

फॅटी लिव्हरबद्दल प्रॉडक्ट पेजवर कुणीतरी एक स्टार देऊन लिहिलंय की स्लाइड खराब आहे, सगळी भोकंच भोकं. दादा, ती भोकं म्हणजेच फॅट! टिश्यू प्रोसेस करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये फॅट विरघळून जातं आणि रिकामी जागा उरते, फॅट रंगवून बघायचं तर फ्रोझन सेक्शन (टिश्यू गोठवून कापलेला काप) आणि ऑइल रेड ओ हा रंग लागतो. स्लाइड उत्तम आहे. (मीही हीच भोकं बघून लंग लिहिलं होतं, त्यामुळे जास्त बोलत नाही.)

निराशा इथून सुरू. किडनीमधलं सेल स्वेलिंग, म्हणजे रिव्हर्सिबल (भरून येण्यासारख्या) इन्जुरीचं पहिलं पाऊल, त्याचा सेक्शन इतका जाड कापलाय की न्यूक्लियस एकावर एक चढलेत. खरं तर समजायला हीच सगळ्यात महत्त्वाची होती. ऑक्सिजन कमी पडला की एटीपी, म्हणजे सेलचं इंधन, घटतं, सोडियम बाहेर फेकणारा पंप मंदावतो, सोडियम आत साचतं, त्यामागे पाणी येतं आणि सेल फुगते. इथपर्यंत रक्त परत मिळालं तर सेल वाचते. ते फुगणं यात दिसतच नाही, नुसता गुलाबी चिखल.

आणि १६ नंबर, 'किडनी इन्फार्क्ट, कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस', म्हणजे रक्त तुटल्याने मेलेला भाग, ज्यात सेल मेली तरी तिचा आकार काही काळ टिकतो. न्यूक्लियस गायब, सेलचे सांगाडे जागेवर, आम्ही खूश. डिपार्टमेंटला नेऊन मॅडमना दाखवली, त्यांनी कडेकडेने फिरवली आणि म्हणाल्या, "न्यूट्रोफिल्स कुठायत गं? हे ऑटोलिसिस आहे." म्हणजे टिश्यू काढल्यावर वेळेत फॉर्मलीनमध्ये टाकलं नाही, ते आपल्याच एन्झाइम्सनी विरघळत गेलं. जिवंत शरीरात सेल मेली तर न्यूट्रोफिल्स, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, धावून येतात, कडेला सूज दिसते, इथे कुणीच आलेलं नाही. लेबल चुकीचं, पण हा धडा मात्र फुकटात मिळाला.

टीबीच्या लिम्फ नोडची (गाठीची) केसिएशनची, म्हणजे चीजसारखा होऊन मेलेल्या भागाची, स्लाइड छान, कुस्करलेल्या पनीरसारखा गुलाबी भाग आणि भोवती जायंट सेल्स (अनेक न्यूक्लियस असलेल्या मोठ्या सेल्स), घोड्याच्या नालासारखे मांडलेले न्यूक्लियस लगेच सापडतात. अ‍ॅपॉप्टोसिसची (सेलने ठरवून स्वतःला संपवणं) मात्र लिव्हरमधली एकच आक्रसलेली गुलाबी सेल शोधायची असते, तिथे शाईचा ठिपका द्यायला नको? दोन तास गेले आमचे, मेसही बंद झाली.

सोबतच्या पुस्तिकेत वेळेचा उल्लेखच नाही. हार्टची सेल रक्त थांबल्यापासून अर्ध्या तासाच्या आसपास परत न येण्याच्या हद्दीपलीकडे जायला लागते, पण साध्या मायक्रोस्कोपखाली ते दिसायला चार तास तरी लागतात, कधी बारा. मधल्या काळात मेलेली सेल स्लाइडवर एकदम धडधाकट दिसते. हे न सांगता २५ स्लाइड्स हातात दिल्या की पोरांना वाटणार दिसतं तेव्हाच मरते.

पाचपैकी तीन स्टार. कॉलेजच्या स्लाइड्स चांगल्या असतील तर घेऊ नका, नसतील तर चारपाच जणींत मिळून घ्या आणि लेबलं एकदा मॅडमकडून तपासून घ्या. परीक्षेनंतर आम्ही बॉक्स अर्ध्या किमतीत ज्युनिअर्सना देणार आहोत, त्यात २४ च स्लाइड्स असतील. ११ नंबर मी ठेवून घेतेय.